त्सो मोरीरीला स्वतः जायचे असेल तर

तुम्ही नाशिकहून विचारले आहे ते थोडक्यात असे: सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही दोघे, अकरा वर्षांची मुलगी आणि ६४ वर्षांच्या सासूबाई लडाखला जाणार, अमेरिकेतल्या दीरांना रजा मिळाली तर तेही येणार. ट्रॅव्हल कंपनी नको. विमानाने थेट लेह, आणि सात दिवसांत नुब्रा, पँगाँग आणि शेवटी त्सो मोरीरी सरोवर. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. हे जमेल का?

त्सो मोरीरी जमेल. सात दिवसांत तिन्ही ठिकाणे जमणार नाहीत, म्हणून माझा आग्रह असा की नुब्रा आणि पँगाँग यावेळी सोडून द्या. डोंगरात माणसे घेऊन जाण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. लडाखच्या सहलीत लोक आजारी पडतात ते बहुधा तीन दिवसांत पाच खिंडी ओलांडण्याच्या हट्टामुळे. स्वतंत्रपणे जाण्याचा खरा फायदा पैशांच्या बचतीत नाही. चार माणसांसाठी गाडी केली की खर्च कंपनीच्या जवळपास जातोच. फायदा हा की दिवस तुमच्या हातात असतो. आज कुणाचे डोके दुखते आहे तर आज थांबता येते, उद्या जाता येते, गरज पडली तर अर्ध्या वाटेतून परत फिरता येते. सगळा कार्यक्रम आधीच ठासून भरला आणि प्रत्येक रात्रीचे पैसे भरून ठेवले तर ती मोकळीक तुम्ही स्वतःच विकून टाकता.

आता उंचीचे गणित, कारण बाकी सगळे त्यावर ठरते. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास आहे, लेह ३,५०० मीटर. विमान तुम्हाला एका सकाळीत तिथे नेऊन ठेवते. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के. त्सो मोरीरीच्या काठचे कोरझोक गाव साडेचार हजार मीटरच्या थोडे वर आहे. तिथे हा दाब ५७-५८ टक्क्यांवर येतो. गिर्यारोहणाच्या वैद्यकात एक साधा नियम आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आदल्या रात्री जिथे झोपलात त्यापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचीवर आज झोपू नका, आणि तीन-चार दिवसांतून एक दिवस उंची वाढवू नका. दिवसा खिंड ओलांडली तर तेवढे बिघडत नाही. रात्री कुठे झोपता ते महत्त्वाचे, कारण झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातला ऑक्सिजन आणखी उतरतो. लेहहून एका दिवसात कोरझोकला जाऊन झोपणे म्हणजे एका रात्रीत हजार मीटरची उडी. गाड्या रोज हे करतात, रस्ता चांगला आहे, सात-आठ तासांत पोहोचतात. आणि रोज रात्री कोरझोकमध्ये कुणीतरी उलट्या करत, डोके धरून बसलेले असते.

यावर उपाय वाटेतच आहे. लेहहून उपशीपर्यंत मनालीचा रस्ता, मग तो सोडून सिंधूच्या काठाकाठाने पूर्वेला. तीन-चार तासांवर चुमाथांग लागते. उंची चार हजार मीटरच्या आसपास, नदीच्या अगदी कडेला गरम पाण्याचे झरे, राहायला साध्या खोल्या. बहुतेक पर्यटक इथे चहा आणि मॅगी घेऊन पुढे जातात. तुम्ही इथे एक रात्र राहा. लेह, चुमाथांग, कोरझोक असे टप्पे केले की दोन्ही चढ जवळपास पाचशे-पाचशेचे होतात. नकाशावर हा मुक्काम बिनकामाचा वाटतो, पण सासूबाई आणि मुलगी तुमच्याबरोबर आहेत तेव्हा पूर्ण प्रवासातला सर्वांत मोलाचा मुक्काम मी यालाच म्हणेन.

दिवस असे लावा. पहिला आणि दुसरा दिवस लेहमध्ये, अक्षरशः आराम. पहिल्या दिवशी बरे वाटते म्हणून शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला जाऊ नका. त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणजे दुपारी हुशारी आणि रात्री डोकेदुखी. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या प्रवाहाबरोबर खाली आल्ची आणि लिकीरला जाऊन या. आल्ची लेहपेक्षा तीन-चारशे मीटर खाली आहे, तिथल्या जुन्या मंदिरांतली भित्तिचित्रे बघण्यासारखी आहेत, आणि सासूबाईंना तिथे श्वास मोकळा वाटेल. चौथ्या दिवशी चुमाथांग. पाचव्या दिवशी कोरझोक. सहाव्या दिवशी दुपारपर्यंत सरोवराजवळ राहून परत, किंवा सगळे धडधाकट असतील तर आणखी एक रात्र. त्यानंतर लेहला एक पूर्ण रिकामा दिवस ठेवा आणि मगच परतीचे विमान धरा. लेहची विमाने बहुतेक सकाळी असतात, दुपारनंतर वारा वाढतो, आणि हवामान बिघडले की ती रद्द होतात. म्हणजे सातऐवजी आठ-नऊ दिवस झाले. रजा वाढत नसेल तर कोरझोकची दुसरी रात्र सोडा. लेहमधल्या पहिल्या तीन रात्री कापू नका.

रजा आणखी मिळाली तर याहून चांगला मार्ग आहे: विमानाने श्रीनगर, तिथून रस्त्याने सोनमर्ग, कारगिल करत लेह. श्रीनगर सोळाशे मीटर, कारगिल सुमारे २,७००, मग लेह. शरीर आपोआप टप्प्याटप्प्याने चढते आणि जोझी ला, फोतू ला या खिंडी दिवसाउजेडी पार होतात. मनालीकडून जाणारा रस्ता नकाशावर मोहात पाडतो, २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून तर जास्तच. पण त्या वाटेवर लोक सरचूला, म्हणजे ४,३०० मीटरच्या आसपास, दुसऱ्याच रात्री झोपतात. वयस्कर माणसाला घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांनी त्या बाजूने वर चढू नये.

पँगाँगबद्दल तुम्ही पुन्हा विचाराल हे मला ठाऊक आहे. पँगाँगहून चुशूल, न्योमा करत चुमाथांगच्या पुढच्या माहेला येणारा रस्ता आहे आणि रेझांग लाचे युद्धस्मारक त्याच वाटेवर आहे. तरुण, सरावलेली मंडळी असती तर मी तोच सुचवला असता. पण तो दिवसभर धुळीत हादरे खाण्याचा प्रवास आहे, सगळा चार हजार मीटरच्या वर, आणि अकरा वर्षांच्या मुलीला त्याच्या शेवटी सरोवर बघण्याचे त्राण उरत नाही.

चुमाथांगनंतर माहेचा पूल येतो. तिथे सिंधू सोडून रस्ता दक्षिणेला वळतो, सुमदोला दोन फाटे फुटतात: एक पुगा आणि त्सो कार सरोवराकडे, दुसरा नामशांग ला खिंडीवरून कोरझोककडे. खिंड उतरल्यावर आधी एक छोटे निळे तळे दिसते, ते क्यागर त्सो. तिथेच उतरून फोटो काढून "हेच का ते?" विचारणारे पुष्कळ. थोडे पुढे गेल्यावर त्सो मोरीरीचे उत्तर टोक उघडते: सुमारे २६ किलोमीटर लांब, तीन ते पाच किलोमीटर रुंद, पलीकडे चामसेर कांगरी आणि लुंगसेर कांगरी, दोन्ही ६,६०० मीटरच्या वरची शिखरे.

या भूगोलातली एक गोष्ट नीट समजून घ्या. त्सो मोरीरीतून कुठलीही नदी बाहेर पडत नाही. चहूबाजूंचे बर्फ वितळून पाणी आत येते आणि वाफ होऊनच जाते, म्हणून पाणी किंचित खारट आहे. नदी बाहेर जात नाही याचा अर्थ उताराची वाटही बाहेर जात नाही. कोरझोकहून परतायला आधी नामशांग ला चढावाच लागतो, आणि ती खिंड गावापेक्षा उंच आहे. उंचीच्या आजारावरचा पहिला आणि खात्रीचा इलाज म्हणजे खाली उतरणे. इथे मात्र आजारी माणसाला घेऊन आधी वर जावे लागते आणि मगच चुमाथांगकडे उतरता येते. गावात मोठी वैद्यकीय सोय नाही; गंभीर रुग्णाला लेहच्या सोनम नोरबू स्मारक रुग्णालयातच न्यावे लागते. म्हणून "जाऊन तर बघू, त्रास झाला तर परत येऊ" हा विचार पँगाँगला एकवेळ चालेल, इथे चालत नाही. जायचे की नाही याचा निर्णय चुमाथांगला, सकाळी, निघण्यापूर्वी घ्या. रात्री झोप कशी लागली, नाश्ता गेला का, डोके दुखते का, हे प्रत्येकाला विचारा. एकालाही डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा गळून गेल्यासारखे असेल तर त्या दिवशी चढायचे नाही. तिथेच आणखी एक रात्र काढा किंवा लेहला उतरा. आणि हा नियम नाशिकमध्येच चौघांनी मिळून मान्य करा, नाहीतर सासूबाई "माझ्यामुळे तुमची सहल नको बिघडायला" म्हणून त्रास लपवतील. आपल्याकडची मोठी माणसे हे हमखास करतात.

कोरझोकला पोहोचल्यावर काय बघायचे तेही सांगतो. हलके डोके दुखणे, धाप लागणे, तुटक झोप हे जवळपास सगळ्यांना होते. त्याला पॅरासिटामॉल आणि पाणी पुरते. बसल्या जागी धाप लागत असेल, कोरडा खोकला वाढत जाऊन फेस येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर फुप्फुसात पाणी होते आहे. माणूस असंबद्ध बोलू लागला, किंवा एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत सरळ रेषेत चालता येईना, तोल जाऊ लागला, तर मेंदूला सूज येते आहे. या दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता का होईना, ड्रायव्हरला उठवायचे, ऑक्सिजन लावायचा आणि निघायचे. ऑक्सिमीटरवर मात्र सगळा भरवसा टाकू नका. तिथे निरोगी माणसाचाही आकडा ८० ते ८८च्या घरात असू शकतो. नाशिकच्या ९८शी तुलना करून घाबरण्यात अर्थ नाही, आणि आकडा बरा दिसतो म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करण्यात तर अजिबातच नाही.

लेहमध्ये मास्क आणि रेग्युलेटरसकट ऑक्सिजनचा खरा सिलिंडर भाड्याने मिळतो, तो गाडीत ठेवा. दुकानात मिळणारे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्यावर पैसे घालू नका. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, हे औषध उंचीला शरीर लवकर सरावावे म्हणून घेतात. मोठ्यांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांबाबत खबरदारी लागते, मुलीचा डोस वजनावर ठरतो, आणि सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल तर दोन्ही एकत्र घ्यायचे का हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवे. नियंत्रणात असलेला रक्तदाब एवढ्यावरून लडाखला जाणे बंद होत नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर मात्र कोरझोकचा विचार सोडा.

गाडीविषयी. लेहच्या टॅक्सी युनियनचे दर ठरलेले असतात, छापील पत्रक मिळते, त्यामुळे घासाघीस फारशी नसते. बाहेरच्या राज्यातून भाड्याने घेतलेली गाडी किंवा मोटारसायकल घेऊन लडाखमध्ये स्थळदर्शन करू देत नाहीत. लेहमध्येच गाडी करा. ड्रायव्हर शक्यतो चांगथांगच्या, म्हणजे कोरझोककडच्या पठाराच्या बाजूचा बघा, म्हणजे कोरझोकमध्ये त्याचे कुणी ना कुणी नातेवाईक असतात आणि अडचणीला दार उघडते. निघण्यापूर्वी त्याच्याशी स्पष्ट बोला: चुमाथांगहून परत फिरलो तर भाडे किती, एक दिवस जास्त थांबलो तर किती, रात्री निघावे लागले तर तयार आहात का. तिथली माणसे सरळ आहेत, आधी बोललेले पाळतात. सार्वजनिक बस आहे, पण महिन्यातून मोजक्या फेऱ्या. तुमच्या कुटुंबासाठी तिचा विचार नको. वाटेतल्या कारू गावानंतर पेट्रोल मिळेलच असे धरून चालू नका, आणि रोख रक्कम लेहमध्येच काढा. फोन पोस्टपेड हवा. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. कोरझोकला सिग्नल मिळाला तर मिळाला, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही.

परवान्याचे असे: २०२१पासून भारतीय नागरिकांना इनर लाइन परमिट, म्हणजे सीमाभागात जाण्याचा परवाना, लागत नाही, पर्यावरण शुल्क मात्र भरावे लागते. त्याची पावती आणि प्रत्येकाचे ओळखपत्र, मुलीचेसुद्धा, हाताशी ठेवा. सीमाभाग असल्याने नियम बदलतात, तेव्हा लेहला उतरल्यावर एकदा खात्री करा. दीरांचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर त्यांना संरक्षित क्षेत्राचा वेगळा परवाना लागेल आणि तो नोंदणीकृत एजन्सीमार्फतच निघतो. ते येणार असतील तर हे काम पहिल्याच दिवशी लावा.

राहायला कोरझोकमध्ये तंबूंचे कॅम्प आहेत आणि गावात होमस्टे आहेत. सासूबाईंसाठी होमस्टेच घ्या. मातीच्या जाड भिंती रात्री ऊब धरून ठेवतात; सप्टेंबरात दिवसा ऊन सुखद असले तरी रात्री पारा शून्याजवळ किंवा त्याखाली जातो आणि तंबूत ती थंडी अंगात शिरते. खोलीत बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी) किंवा गॅसचा हीटर असेल तर झोपण्यापूर्वी बंद करा आणि खिडकीची फट उघडी ठेवा. बंद खोलीतला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो, आणि त्याची सुरुवातीची लक्षणे, डोकेदुखी आणि मळमळ, थेट उंचीच्या त्रासासारखीच दिसतात. शौचालय कोरडे, लडाखी पद्धतीचे असेल. त्यात पाणी ओतायचे नाही, माती टाकायची. सासूबाईंना वाकून बसणे जमत नसेल तर आधी विचारून खोली निवडा.

जेवणाची चिंता नको. डाळ-भात, थुक्पा, खंबीर रोटी मिळते. त्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि जेवणाला वेळ लागतो. पोहोचल्याबरोबर सांगून ठेवा. भूक मंदावते, तेव्हा घरून शेंगदाण्याचे लाडू, खजूर, चिवडा असे थोडे-थोडे तोंडात टाकायला न्या. दारू तिथे अजिबात नको, झोपेच्या गोळ्याही नकोत.

आता सरोवर. हा परिसर २००२पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे, पाणथळ क्षेत्र आहे. गाडी काठापर्यंत उतरवायची नाही, चाकांचे वळ त्या गवतावर वर्षानुवर्षे राहतात आणि पक्ष्यांची घरटी जमिनीवरच असतात. काळ्या मानेचा क्रौंच, जो आता लडाखचा राज्यपक्षी आहे, इथल्या आणि त्सो कारच्या दलदलीत वीण करतो. आणि तुम्ही नाशिकच्या आहात म्हणून मुद्दाम सांगतो: डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस हिवाळ्यात तुमच्या नांदूर मध्यमेश्वरला येतो. त्याच जातीचे हंस उन्हाळ्यात त्सो मोरीरीवर पिल्ले वाढवतात. सप्टेंबरात पिल्ले मोठी होऊन उडू लागलेली असतात. मुलीला दुर्बीण द्या, आणि डिसेंबरात नांदूर मध्यमेश्वरला न्या. हिमालय ओलांडून येणारा पक्षी दोन्ही टोकांना बघितलेले मूल पक्ष्यांकडे पुन्हा पूर्वीसारखे बघत नाही.

गावातल्या मोकाट कुत्र्यांना काही खायला घालू नका, कितीही लाघवी वाटली तरी. पर्यटकांच्या उरल्यासुरल्यावर त्यांची संख्या वाढते आणि ती क्रौंचाची अंडी-पिल्ले खातात. तुमचा प्लास्टिकचा कचरा लेहला परत आणा.

सकाळी लवकर काठाने उत्तरेकडे सावकाश चाला. दुपारनंतर वारा असा सुटतो की बोलणे ऐकू येत नाही. गावातली गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, छोटी आणि जागती आहे, पूजेच्या वेळी मागे शांत बसू देतात. गावामागच्या कोरझोक फू या दरीत चांगपा मेंढपाळांचे तंबू असतात. पश्मिना या लोकांच्या बकऱ्यांची लोकर. कुणी दिसले की आधी "जुले" म्हणा, विचारून मगच फोटो काढा, चहाला बोलावले तर बसा. लोणी-मिठाचा गुडगुड चहा सासूबाईंनी मात्र बेतानेच घ्यावा, रक्तदाब आहे.

परतताना त्रास नसेल तर सुमदोहून पुगामार्गे या. जमिनीतून वाफा निघतात, गंधकाचा वास येतो, पुढे त्सो कारच्या पठारावर कियांग, म्हणजे तिबेटी रानगाढवांचे कळप दिसतात. मग तागलांग ला, ५,३०० मीटरची खिंड. तिथे पाच मिनिटांहून जास्त थांबू नका. कुणी दमलेले असेल तर आल्या वाटेनेच सिंधूकाठाने उतरा, तो रस्ता मवाळ आहे.

हिवाळ्याबद्दल तुम्ही शेवटी सहज विचारले आहे. सरोवर साधारण जानेवारी ते मार्च गोठलेले असते, राहण्याची सोय फार थोडी उरते. पहिल्या खेपेला आणि या कुटुंबाबरोबर तो विषय काढूच नका.

सासूबाईंची तपासणी आणि डॉक्टरांशी बोलणे झाल्यावरच विमानाची तिकिटे काढा. चुमाथांग आणि कोरझोकच्या खोल्यांचे पैसे आधी भरू नका. सप्टेंबरात जागा मिळते, आणि लेहमधल्या तिसऱ्या संध्याकाळी सगळ्यांची तब्येत बघून फोन केला तरी पुरते.